वर्षावासाचा महिना आणि उचलीचा महिना

आषाढ पौर्णिमेला महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बुद्ध विहारांत वर्षावासाला प्रारंभ होतो. अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने संध्याकाळी उपासक-उपासिका एकत्र जमतात, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतात आणि बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आज ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही, त्या घरातही आढळतो. ही आपल्या चळवळीची फार मोठी कमाई आहे. परंतु वाचन ज्या चार भिंतींत होते, त्या भिंतींच्या बाहेर ते जाते काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

वर्षावास हा मुळात भिक्खूंचा नियम. पावसाळ्यात पायी फिरताना शेतातले कोवळे पीक तुडवले जाते, बारीकसारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून तथागतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहण्यास सांगितले. म्हणजे या नियमाच्या मुळाशी शेतकऱ्याच्या पिकाची, लोकांच्या पोटाची काळजी आहे, हे विसरून चालणार नाही. उपासकांवर मात्र फिरण्याची बंदी नाही. म्हणून गेल्या वर्षावासाचा पहिला महिना, आषाढ पौर्णिमा ते श्रावण पौर्णिमा, मी कोर्टातली कामे सहकारी वकिलांकडे सोपवून ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत सिद्धगडाच्या आसपासच्या वस्त्यांवर वाचनासाठी फिरलो. रोज वेगळी वस्ती, रोज वेगळ्या घरची भाकरी. या महिन्यात जी माणसे भेटली, जे अन्न खाल्ले आणि जे ऐकले, त्यातून एक गोष्ट प्रकर्षाने समोर आली. ती समाजबांधवांसमोर मांडणे हे मी कर्तव्य समजतो.

सिद्धगड मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेजवळ, भीमाशंकरच्या अभयारण्यात येतो. मुरबाडहून म्हसा आणि नारिवलीच्या बाजूने तिकडे जाता येते. श्रावणात हा सगळा मुलूख ढगात असतो. खाली भाताची लावणी चाललेली असते, माणसे डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन दिवसभर चिखलात वाकलेली असतात. त्यामुळे वाचन रात्री आठच्या पुढेच सुरू होते. दिवसभर लावणी करून आलेली बाई मांडीवर पोर घेऊन दीड तास ग्रंथ ऐकते, हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी धम्म शहरातल्या सभागृहात शोधू नये.

जेवणाची आबाळ एकाही दिवशी झाली नाही. कुठे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण, कुठे नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. कुर्डू, भारंगी, करटोली अशा रानभाज्या या दिवसांत डोंगर फुकट देतो. एका घरी ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा होता, तर एका घरी वर्षावासाचे तीन महिने मांसाहार बंद, म्हणून बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी केली होती. शहरातल्या हॉटेलात हजार रुपये मोजूनही असे जेवण मिळणार नाही. ज्या समाजाच्या वाट्याला एकेकाळी उष्टे आणि शिळे मागून आणणे आले होते, त्या समाजाच्या चुलीवर आज पाहुण्यासाठी ताजी भाकरी भाजली जाते. एका आजीने मला चौथी भाकरी वाढताना म्हटले, “खा बाबा, आमच्या आयेला जोहार घालून तुकडा आणावा लागं. आता आपल्या चुलीचं हाय.” या एका वाक्यात आपल्या चळवळीचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

माणसेही विलक्षण भेटली. एका वस्तीत सायंकाळी सहा तरुण भिजत आले. मुंबईच्या कंपन्यांत काम करणारी मुले, गड चढायला आलेली. पावसाने वाट अडवली म्हणून त्यांना रात्री समाजमंदिरात आसरा दिला. वाचनापूर्वी वंदना सुरू झाली आणि मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्यातल्या एकाने मान खाली घालून हात जोडले. हळूहळू त्याचा आवाज आमच्या आवाजात मिसळला. सगळी वंदना त्याला तोंडपाठ होती. त्याचे पाच मित्र त्याच्याकडे बघतच राहिले. पाच वर्षे शेजारच्या टेबलावर काम करूनही त्यांना हे ठाऊक नव्हते. जेवताना तो मला हळूच म्हणाला, “सर, ऑफिसात आडनाव लावत नाही.” मी त्याला उपदेश केला नाही. वस्तीतल्या बायांनी मात्र त्याला आणि त्याच्या मित्रांना एकाच पंगतीत बसवून पोटभर वाढले. सकाळी निघताना त्या पाचांपैकी एकाने ग्रंथाचे नाव लिहून घेतले. शिकलेल्या मुलाला शहरात स्वतःची ओळख लपवावी लागते आणि डोंगरातल्या निरक्षर आजीला ती लपवावी लागत नाही, यावर विचार व्हायला हवा.

दुसऱ्या एका ठिकाणी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. कुठली निवडणूक जवळ आली आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. निवडणूक नाही, मी कुणाचा उमेदवार नाही, फक्त ग्रंथ वाचायला आलो आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. निवडणुकीशिवाय वस्तीत कोणी येत नाही, हा त्यांचा अनुभव असेल, तर त्यांना तरी दोष कसा द्यावा?

सर्वांत लक्षात राहिला तो एक गोसावी. सिद्धगडाच्या शेजारी, देहरीजवळ गोरखगड आहे. गोरखनाथांच्या नावाने ओळखला जाणारा हा गड नाथपंथी लोकांचे ठिकाण आहे. तिकडून उतरलेला हा भगव्या कफनीतला म्हातारा आमच्या वाचनाला येऊन बसला, शेवटपर्यंत ऐकले आणि मग त्याने प्रश्न केला, “तुमचा बुद्ध राजाचा मुलगा असून दारोदार भिक्षा मागायचा. मग त्यानं कुठलं दार टाळलं का?” मी सांगितले, एकही नाही. तो म्हणाला, “मंग तुम्ही कुठलं टाळता?” विहारात शांतता पसरली. उत्तर कोणीच दिले नाही. त्याने आमच्याकडची भाकरी झोळीत घातली आणि पहाटे निघून गेला.

त्या गोसाव्याचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. भिक्खूंच्या भिक्षाचर्येला एक नियम आहे, त्याला पाली भाषेत ‘सपदानचारिका’ म्हणतात. ओळीने घरे घ्यायची, मधले एकही घर वगळायचे नाही. हे घर श्रीमंताचे म्हणून आधी आणि ते घर हलक्या जातीचे म्हणून नंतर, असे करायचे नाही. ज्या काळात ब्राह्मणी व्यवस्थेने कोणी कोणाच्या हातचे खावे याचे कोष्टक मांडायला घेतले होते, त्या काळात हातात पात्र घेऊन शूद्राच्या आणि चांडाळाच्या दारात उभे राहणे म्हणजे त्या व्यवस्थेविरुद्ध रोज सकाळी पुकारलेले बंड होते. आनंदाने प्रकृती नावाच्या चांडाळ मुलीकडे पाणी मागितले. आपली जात सांगून तिने नकार दिला, तेव्हा आनंदाने आपल्याला जात नको, पाणी हवे आहे, असे तिला समजावले. उपाली न्हावी, सुनीत भंगी, सोपाक आणि सुप्पिय अस्पृश्य, सुप्रबुद्ध कुष्ठरोगी यांच्या धम्मदीक्षेच्या कथा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात एकत्र गुंफल्या, त्या काही करमणुकीसाठी नव्हेत. चुंद या लोहाराच्या घरचे जेवण तथागतांचे अखेरचे ठरले. त्याबद्दल चुंदाला कोणी बोल लावू नये म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम बजावले, आणि त्या भोजनाचे पुण्य संबोधीपूर्वीच्या भोजनाइतकेच मोठे मानले. अन्न देणाऱ्याचा असा सन्मान दुसऱ्या कोणत्या धर्मसंस्थापकाने केला आहे?

आणि हा इतिहास आपल्या मुलुखाला परका नाही. सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून उजेडात आणला. कल्याणहून निघालेला व्यापाराचा रस्ता याच मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. जुन्नरच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. ती कोणी कोरवली? राजांनी कोरवली असे शाळेत शिकवले जाते. परंतु जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. कान्हेरीला कल्याणच्या लोहाराचे दान आहे. म्हणजे या वाटेवरचा संघ कष्टकऱ्यांच्या दानावर उभा होता. आज त्याच वाटेवर बांबूच्या टोपल्या विणणारी, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालणारी माणसे कोण आहेत? ठाकर आणि कातकरी आहेत. आणि ती आपल्या विहारात नाहीत.

यापुढचे कटू आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

एका वस्तीत खीरदानाचा कार्यक्रम होता. पाऊस कोसळत होता. विहाराच्या खिडकीशी बाहेरच्या बाजूने एक कातकरी बाई डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन उभी होती. वाचन ऐकत होती. मी विचारले, तेव्हा सांगण्यात आले की ती रोज येते, बाहेरच उभी राहते, तिला सवय आहे. एका तरुण कार्यकर्त्याने तिला आत बोलावले. ती दारापाशी बसली. प्रसंग सुजातेच्या खिरीचा चालू होता. वाचन संपल्यावर सर्वांना स्टीलच्या वाट्यांतून खीर वाटली गेली. त्या बाईला पळसाच्या पानाच्या द्रोणात दिली गेली. वाट्या कमी पडल्या नव्हत्या. बाजूला दहा-बारा वाट्या पालथ्या घातलेल्या मी पाहिल्या.

मी त्याच वेळी उभा राहून हे बोललो. त्यावर एक ज्येष्ठ उपासिका कुजबुजल्या, “वकीलसाहेब, ते लोक उंदीर खातात.”

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? नेमक्या याच सुरात, नेमक्या याच कुजबुजीत ते आपल्या आजोबांविषयी बोलले जात होते. फक्त प्राण्याचे नाव वेगळे होते. कोण काय खातो यावरून माणसाला गावकुसाबाहेर कसे ढकलले गेले, याचा शोध घेण्यासाठी बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य’ हा ग्रंथ लिहिला. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी या देशाच्या संस्कृतीला जबाबदार धरताना अस्पृश्यांबरोबर आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिन्हींचा एकत्र उल्लेख केला आहे. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्याला मृतमांस सोडण्यास सांगितले, ते आपण ताठ मानेने उभे राहावे म्हणून. जे अजून उभे राहिलेले नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा परवाना त्यांनी आपल्याला दिलेला नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे दुसरे काय? वरच्याची लाथ खाऊन खालच्याला लाथ मारण्याची सोय. जातीचा बुरुज अजून उभा आहे, तो या सोयीवर.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या वाडीवर गेलो. विहारापासून पायी दहा मिनिटांचे अंतर. कुडाच्या झोपड्या, जमीन दुसऱ्याच्या मालकीची. तिने कुर्डूची भाजी आणि नाचणीची भाकरी वाढली. मीठ थोडे जास्त होते. पाहुणा आला म्हणून घरात होते नव्हते ते पीठ तिने काढले होते, हे तिच्या मुलीच्या तोंडाकडे बघून कळत होते. महिन्यातल्या सगळ्या जेवणांत हे जेवण मला सर्वांत मोलाचे वाटते. जेवता जेवता मी विचारले, “मावशी, तुम्ही विहारात काय ऐकायला येता?” ती म्हणाली, “वकीलदादा, त्यात दुःख कशानं होतं ते सांगतात ना, ते ऐकते. पण आमचं दुःख त्यात कधी येणार ते बघते.”

आणि मग तिने सांगितले. लावणीची मजुरी आठ-पंधरा दिवस मिळते. त्यानंतर भादव्यापर्यंत काम नाही. साठवलेले धान्य आखाडातच संपते. याच दिवसांत वीटभट्टीचा माणूस वाडीवर येतो. पाच हजार, दहा हजार, नड असेल तशी उचल देतो. त्या पैशावर श्रावण-भादवा निघतो, गौरी-गणपती होतात. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि अख्खे कुटुंब, शाळेतल्या पोरांसकट, भट्टीवर जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी हिशेब होतो. फिटले तर फिटले, नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. हिशेबाची वही मालकाकडे. तिच्या घरी चार वर्षांची बाकी होती, ती किती, हे तिला सांगता येत नव्हते.

वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. ज्या महिन्यात आपण विहारात खीर वाटतो, त्याच महिन्यात विहारापासून दहा मिनिटांवर एक माणूस स्वतःचे पुढचे आठ महिने विकत असतो. आपला वर्षावासाचा महिना हाच त्यांचा उचलीचा महिना आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्र सरकारने अतिशय बिकट स्थितीतील म्हणून वेगळ्या नोंदवल्या आहेत. पावसाळ्यातल्या याच उपासमारीसाठी सरकारने खावटी कर्जाची योजना केली, २०२० साली कोरोनाच्या काळात ते अनुदान म्हणून देण्याचाही निर्णय झाला. पण सरकारी खावटी पोचण्याआधी भट्टीवाल्याची उचल वाडीवर पोचते, हे वाडीवर जाऊन कोणीही पाहावे.

मुरबाडहून सरळगाव-किन्हवलीच्या बाजूने शहापूर तालुक्यात आलो, तिथेही चित्र वेगळे नव्हते. शहापूर हा मुंबईला पाणी पाजणारा तालुका. १८९२ सालापासून तानसाचे पाणी मुंबईला जाते, पुढे वैतरणा आणि भातसाचे जाऊ लागले. त्याच तालुक्यातल्या वाड्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. ज्या समाजाने १९२७ साली पाण्यासाठी चवदार तळ्याचा संग्राम केला, त्या समाजाला हे दुःख परके वाटण्याचे कारण नाही. इथल्या एका वस्तीत वाचन संपल्यावर तीन ठाकर गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. वनहक्काचे दावे होते. पंचशील झाले की वकिलाची कचेरी सुरू, असे मग रोजच होऊ लागले आणि त्याचा मला आनंदच आहे. त्यांच्यातल्या एकाने दबकत विचारले, “तुमच्यात बसलो तर आमचा आदिवासीचा दाखला जाईल का?” हा गैरसमज मुद्दाम पसरवला जातो, म्हणून कायदा सांगतो. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. आणि मुळात आम्ही कोणाचा धर्म बदलायला बसलेलो नव्हतो. कोणाशेजारी बसून ग्रंथ ऐकल्याने कोणाचा दाखला जात नाही.

आता वेठबिगारीविषयी. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. तेविसाव्या कलमाने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी निषिद्ध केली, हे किती जणांना पाठ आहे? १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात आणली आहे. हे वेठबिगारीचे कर्ज आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. वही मालकाकडे असली तरी भार मालकावरच! १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच ठरवली. डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात हा कायदा मजुराच्या बाजूने आणखी भक्कम झाला. त्याच कायद्याने जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या ठेवल्या असून त्यांवर अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य नेमण्याची तरतूद आहे. आपले कार्यकर्ते नगरपालिकेच्या समित्यांसाठी, महामंडळांसाठी खेटे घालतात. या दक्षता समितीवर मला नेमा, असा अर्ज आपल्यापैकी किती जणांनी केला?

वनहक्काच्या बाबतीतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००६ च्या कायद्यानुसार आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आपल्या माणसाला त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्यावरून काही ठिकाणी आपल्या वस्तीत कुरबुर ऐकू येते, ‘त्यांना मिळते, आम्हाला मिळत नाही.’ पण ते पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायला वयोवृद्धांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. आणि आपल्या वस्तीच्या शेजारी तीन पिढ्या राहिलेला कातकरी म्हातारा याहून चांगला साक्षीदार कोण? ज्याला आपण द्रोणात खीर देतो, त्याच्याच साक्षीवर आपला दावा उभा राहणार आहे.

सिद्धगडाचे नाव घेतले की आणखी एका माणसाचे नाव घेणे भाग आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना लोक भाई कोतवाल म्हणतात. १९१२ साली माथेरानला न्हावी समाजाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले. काळा कोट घालून पैसा मिळवण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी आसपासच्या खेड्यांत शाळा काढल्या आणि सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून धान्याच्या पेढ्या उभ्या करण्याचे काम हाती घेतले. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात, पुढारी भाषणे करतात. भाषणांत मनोरे येतात, गोळ्या येतात. धान्याची पेढी सहसा येत नाही. या दुर्गम रानातल्या वाड्यांच्या आधाराशिवाय असा दस्ता एक आठवडाही टिकला नसता, हेही सहसा येत नाही.

मला मात्र भाई कोतवालांची धान्याची पेढी बंदुकीइतकीच मोलाची वाटते. कारण उचलीचे मूळ भुकेत आहे. आषाढात घरात दोन मण धान्य असेल, तर भट्टीवाल्याच्या हातून नोटा घेण्याची पाळी येत नाही. कायदा कर्ज रद्द करू शकतो, भूक रद्द करू शकत नाही. त्यासाठी शेजाऱ्याने उभे राहावे लागते. आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचे सार तरी काय आहे? धर्म हा एकट्या माणसाचा खाजगी मामला असू शकतो, धम्म मात्र माणसामाणसांतल्या वागणुकीत असतो. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. शेजारी दुसरा माणूस आला की धम्म लागतो. आपल्या वस्तीचा शेजारी कोण, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

म्हणून पुढच्या वर्षावासासाठी मी तीन गोष्टी सुचवतो. त्यांना निधी लागत नाही, परवानगी लागत नाही.

पहिली, आठवड्यातून एक संध्याकाळ वाचन कातकरी किंवा ठाकर वाडीच्या अंगणात व्हावे. विहारातली सतरंजी तिकडे न्यावी आणि विहारातल्या वाट्या-ताटेही न्यावीत. तिथेच, त्यांच्या हातचे, एका पंगतीत जेवावे. जो उपासक असे जेवायला तयार नसेल, त्याने पंचशील मोठ्याने म्हणू नये.

दुसरी, प्रत्येक विहारात धान्याची कोठी असावी. भाताची कापणी झाली की घरटी एक-दोन पायली भात किंवा नाचणी गोळा करावी. आषाढात ज्याच्या घरी चूल थंड असेल, मग तो आपल्या वस्तीतला असो की वाडीवरचा, त्याला ते बिनव्याजी द्यावे. पुढच्या पिकाला जमेल तेवढे परत घ्यावे. बुद्धजयंतीच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला जेवढा खर्च होतो, त्याच्या निम्म्यात एका वाडीचा श्रावण निघेल.

तिसरी, प्रत्येक तालुक्यातल्या आपल्या वकिलांनी आणि शिकलेल्या तरुणांनी उचलीची नोंद ठेवावी. कोणी, केव्हा, किती उचल घेतली, कोणत्या भट्टीवर गेले, बाकी किती सांगितली गेली. एक साधी वही पुरे. मालकाकडे वही आहे म्हणून तो मालक आहे. मजुराच्या बाजूनेही एक वही असू द्या. जिथे वेठबिगारी दिसेल, तिथे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत पाठ सोडू नये.

काही जण म्हणतील, आधी आपल्याच समाजाचे प्रश्न संपलेले नाहीत, दुसऱ्याचे ओझे कशाला? त्यांना एवढेच विचारतो, बाबासाहेबांनी संविधानात तेविसावे कलम लिहिले, तेव्हा ते केवळ आपल्यापुरते लिहिले होते काय?

अश्विन पौर्णिमेला आपण वर्षावासाची सांगता करतो, भिक्खू संघाला चीवरदान देतो, एकमेकांना मंगल कामना देतो. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी दिवाळीची अमावास्या येते आणि वाडीवर ट्रक येऊन उभा राहतो. पुढच्या वर्षी त्या ट्रकमध्ये किती पोरे चढतात, यावर आपला वर्षावास किती सफल झाला ते ठरेल.